मारोतरावांचं शुद्ध पाणी

प्रताप नगरातल्या त्या गल्लीत इन्व्हर्टरची बॅटरी कोरडी पडली की लोक दुकानात जात नसत, मारोतरावांकडे जात. पाणी फुकट मिळे, फक्त त्याआधी व्याख्यान ऐकावं लागे. ज्याला घाई असेल त्याने सरळ दुकान गाठावं, असा गल्लीचा अलिखित नियम होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत मारोतरावांनी स्वतःचा प्लँट उभारला होता. दोन पारदर्शक पाइप उभे करून भिंतीला बांधलेले, त्यांत मधाच्या रंगाचे बारीक बारीक मणी ठासून भरलेले. त्यांना म्हणायचं रेझिन. वरून नळाचं पाणी सोडायचं, ते या मण्यांतून झिरपत खाली येताना त्यातला सगळा क्षार मण्यांना चिकटून राहायचा आणि खालच्या टोटीतून पडायचं ते डीएम पाणी. डीएम म्हणजे क्षार काढून टाकलेलं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, जुना कूलर आणि हा प्लँट एवढं मावल्यावर माणसाला उभं राहायला जागा उरत नसे. पण त्याबद्दल जावयाने, जितेंद्रने, कधी तक्रार केली नाही. तो बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला होता, सकाळी निघाला की संध्याकाळी उशिरा उगवायचा. आणि खरं सांगायचं तर सासऱ्याच्या व्याख्यानापेक्षा त्याला कारखान्याचा खडखडाट बरा वाटत असावा.

मारोतरावांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, डीएम प्लँटवर गेली. बॉयलरला साधं पाणी चालत नाही. क्षार आत गेला की नळ्यांवर थर बसतो, थर बसला की नळी तापून फुटते, नळी फुटली की संच बंद, आणि संच बंद म्हणजे निम्म्या विदर्भात अंधार. निदान मारोतराव तसं सांगत. ‘‘टर्बाइनवाले मिशीले पीळ देत फिरत,’’ ते म्हणायचे, ‘‘पन त्याइची बिजली माह्या पान्यावर चालत होती.’’ बायको गेल्यावर ते लेकीकडे, दीपमालाकडे, राहायला आले तेव्हा एक ट्रंक, एक पितळी तांब्या आणि ही एक ऐट एवढंच घेऊन आले होते.

दीपमालाला या ऐटीचा कधी कंटाळा आला नाही. तीच तर त्यांची पहिली श्रोती.

खापरखेड्याच्या कॉलनीतले ते दिवस आठवले की आजही तिचा जीव हलका व्हायचा. शिफ्ट सुटल्याचा भोंगा, मग थोड्या वेळाने क्वार्टरच्या दारात सायकलचं स्टँड लावल्याचा खट्ट आवाज. बाबांच्या खाकी शर्टाला मणी धुवायच्या ॲसिडच्या थेंबांनी पडलेली भोकं, आणि आईचं रोजचं तेच, ‘‘ही चाळणी मी कितीदा रफू करू?’’ कॉलनीतल्या इतर पोरींकडे काचेच्या बांगड्यांचे तुकडे असत, हिच्याकडे बाबांनी दिलेली रेझिनच्या मण्यांची बाटली होती. उन्हात धरली की आत मध भरल्यासारखी दिसायची. ती बाटली तिने एकदा मैत्रिणीला दाखवायला नेली आणि मैत्रिणीच्या भावाने मणी चिवड्यासारखे खाऊन पाहिले, त्यावरून दोन घरांत महिनाभर बोलचाल बंद होती.

आणि शाळेतलं ते विज्ञान प्रदर्शन. साहेबांची परवानगी काढून बाबा काचेच्या बरणीत पाणी घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. दोन वायरी, एक बॅटरी, एक छोटा बल्ब. वायरींची टोकं विहिरीच्या पाण्यात बुडवून मीठ टाकलं, बल्ब लागला. मग टोकं पुसून आपल्या पाण्यात बुडवली. बल्ब ढिम्म. ‘‘पाहा पोट्टेहो,’’ बाबा म्हणाले, ‘‘याच्यात काहीच नाही. देवाच्या तीर्थात काही ना काही असते, याच्यात काहीच नाही.’’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. जाड भिंगाच्या चष्म्याआडून पाहणाऱ्या दीपमालाला त्या क्षणी वाटलं, माझ्या बाबांसारखा माणूस साऱ्या जगात नाही. काही गोष्टी लहानपणी मनात अशा बसतात की पुढे एमए करा नाहीतर आणखी काही, त्या हलत नाहीत.

दीपमाला पुढे ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवू लागली. जाड भिंगाचा तो चष्मा तिने पहिल्या पगारात कपाटात टाकला आणि कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. इतकी वर्षं वापरल्यावर लेन्स तिला कुंकवासारख्या सवयीच्या झाल्या होत्या. सकाळी घालायच्या, रात्री काढून डबीत बुडवून ठेवायच्या. बुडवायला एक खास द्रावण मिळतं, जंतू मारणारं. तर या मे महिन्यात, नागपुरी ऊन भट्टी पेटल्यासारखं असताना, ती बाटली संपली. बाहेर पडायचा विचार करूनच घाम फुटत होता. लेन्सची डबी हातात घेऊन ती मागच्या गॅलरीत गेली आणि टोटी सोडली.

आता कुणीही म्हणेल, अहो, शिकलेली बाई, असं कसं केलं? पण तिच्या जागी उभं राहून पाहा. द्रावणाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ढीगभर रसायनांची नावं असतात. आणि बाबांच्या पाण्यात तर काहीच नाही. नळाचं पाणी तिने मेली तरी लेन्सला लावलं नसतं. विहिरीचं नाही, बिसलरीचंही नाही. खापरखेड्याच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीलाच होऊ शकते अशी ही चूक होती. दोन दिवस गेले, काही झालं नाही. आठवडा गेला, काही झालं नाही. मग ती उन्हाळाभर तेच करत राहिली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

जुलैत कॉलेज सुरू झालं आणि एका संध्याकाळी डावा डोळा चुरचुरू लागला. धूळ गेली असेल म्हणून तिने लेन्स काढली, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. सकाळी उठली तर डोळा रक्तासारखा लाल, पापण्या चिकटलेल्या, खिडकीतला उजेड सुईसारखा टोचत होता. आरशात पाहिलं, बुबुळावर दाण्याएवढा पांढरा ठिपका.

जितेंद्र कारखान्यात पोचला होता. मारोतरावांनी धोतराचा सोगा खोचला, ऑटो थांबवला आणि लेकीचा हात धरून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर वंदना बुबुळाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या. तपासायची खोली लहान, म्हणून मारोतराव बाहेर बाकावर बसले. डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

‘‘बुबुळाला जखम झाली आहे. जंतूंची आहे, आणि हे जंतू फार लवकर पसरतात. लेन्स कशात ठेवता?’’

दीपमालाने दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. तिने हळू आवाजात सांगितलं.

‘‘डीएम पाणी? बॅटरीत घालतात ते?’’

‘‘एकदम शुद्ध असतं, मॅडम. क्षार नसतो त्यात.’’

‘‘क्षार नसतो हो,’’ डॉक्टर म्हणाल्या, रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. ‘‘पण जंतूंना क्षार कुठे लागतो? तुमच्या या पाण्यात ते आरामात राहतात. ते मणी ओले, उन्हाळ्याची ऊब, पाणी तासन् तास थांबलेलं. त्यांना घरच मिळालं. आणि डबीत त्यांना मारणारं काही नाही, कारण तुमच्या पाण्यात खरंच काही नाही.’’

बुबुळ खरवडून नमुना घेतला. दर तासाला औषधाचा थेंब, सुरुवातीला रात्रीसुद्धा. लेन्स पूर्ण बंद. ‘‘फूल पडू शकतं, बुबुळावर कायमचा पांढरा डाग,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘किती पडेल ते आता सांगता येत नाही. ते पाणी मात्र घरात कुणीही डोळ्याच्या जवळ नेऊ नका.’’

बाहेर आली तेव्हा मारोतराव बाकावरून उठून उभे होते. ‘‘काय म्हनते डॉक्टर? काहून झालं?’’

दीपमालाने बाबांकडे एका डोळ्याने पाहिलं. पांढरी दाढी वाढलेली, चपला उलटसुलट पायांत घातलेल्या. या माणसाकडे आता काय उरलं होतं? बायको नाही, नोकरी नाही, क्वार्टर नाही, तेव्हाच्या सोबत्यांपैकी निम्मे गेलेले. एक पाणी होतं.

‘‘टाकीचं पाणी लागलं म्हनते, बाबा. लेन्स नळाखाली धुतली होती मी.’’

‘‘मंग!’’ मारोतराव दुःखातही तरतरीत झाले. ‘‘मी गल्लीभर सांगून राहिलो, टाकीत शेवाळ आहे, टाकीत शेवाळ आहे. कोनी ऐकते का?’’

खोटं बोललं की निस्तरावं लागतं, हे तिला माहीत होतं. पण बाबांचा उजळलेला चेहरा पाहून त्या वेळी तिला वाटलं, हे खोटं मी आनंदाने निस्तरीन.

घरी आल्यावर थेंबांची ड्युटी कुणाला द्यायची हा प्रश्नच आला नाही. मारोतरावांनी ती घेतली. जितेंद्रने रात्रीची वाटून घेऊ म्हटलं, तर त्याला सरळ झोपायला पाठवलं. ‘‘जावईबापू, मी जिंदगीभर रात्रपाळी केली. तुम्ही घोरा.’’ त्यांनी खुर्ची लेकीच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवली. तास भरला की चपलांचा आवाज यायचा, मग ‘‘वर पाह्य वं बाई,’’ आणि गार थेंब. एकही थेंब गालावर पडत नसे. या हाताने वर्षानुवर्षं ॲसिड थेंबाथेंबाने मोजून सोडलं होतं.

दीपमाला डोळे मिटून पडून असायची. वाचता येत नाही, टीव्ही पाहता येत नाही, म्हणून ती कॉलनीत फिरून यायची. हिवाळ्यात मैदानात लावलेला पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बसून पाहिलेला सिनेमा. पडद्यामागून पाहणाऱ्यांना नायक डावखुरा दिसायचा. क्वार्टरमागचा पेरू, शेजारच्या काकूंच्या भाकरीचा वास. रात्रपाळी करून बाबा सकाळी यायचे आणि झोपायच्या आधी हिची वेणी घालायचे, कारण आईला कमरेचा त्रास होता. वेणी नेहमी एका बाजूला वाकडी व्हायची. शाळेत मुली हसायच्या, पण हिने ती कधी सोडून दुसरी घातली नाही. आता त्या हातांत औषधाची बाटली होती. आजारपणातही सुख असतं, असं ती एकदा जितेंद्रला म्हणाली. त्याला वाटलं तापाने बडबडते आहे.

एका दुपारी मारोतराव कापूस आणि एक वाटी घेऊन आले. ‘‘पापन्या चिकटल्या तुया. आपल्या पान्यानं पुसून देतो.’’

ती ताडकन उठून बसली. ‘‘नाही बाबा! डॉक्टरनं कोनतंच पानी लावू नका म्हटलं.’’

‘‘कोनतंच म्हंजे टाकीचं असन. आपलं काहून?’’

‘‘कोनतंच नाही.’’

मारोतराव हिरमुसले आणि वाटी घेऊन परत गेले. ती उशीवर पडली. तिला पहिल्यांदा कळलं की तिचं हे लाडकं खोटं कापूस आणि वाटी घेऊन घरभर हिंडतं आहे.

नमुन्याचा अहवाल आला, डॉक्टर म्हणाल्या तेच जंतू निघाले. जखम हळूहळू भरत होती. थेंब आता दोन तासांवर आले. फूल राहणार होतं, पण मधोमध नाही, थोडं बाजूला. तिने जुन्या कपाटातून जाड भिंगाचा चष्मा काढून नाकावर चढवला. मारोतराव तिच्याकडे पाहतच राहिले. ‘‘अगदी शाळेत होती तशी दिसते,’’ ते म्हणाले आणि उगाच खाकरले.

त्यांची नात, दीपमालाची मुलगी खुशी, हिला त्याच दिवसांत पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात सामानाचा पसारा पडला. बारावी झाली म्हणून या पोरीने हट्टाने लेन्स घेतल्या होत्या. आईचा डोळा पाहून ती घाबरली होती, पण चष्म्यावर जायला तयार नव्हती. ‘‘मी नीट वापरीन न आई,’’ एवढंच म्हणायची.

निघायच्या आदल्या दुपारी दीपमाला खोलीतून बाहेर आली तर खुशी बॅगेशी मांडी घालून बसलेली आणि समोर मारोतराव. त्यांच्या हातात स्वच्छ धुतलेली एक बाटली होती, काठोकाठ भरलेली. झाकणावर त्यांनी प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली होती.

‘‘हे घे बाई. पुन्याचं पानी कसं असन काय माहीत. तुया आईनं टाकीच्या पान्यानं डोया घालवला असता. तू लेन्सले हेच लाव. संपलं की फोन कर, कोनासंगं पाठवून देईन.’’

‘‘थँक्यू आबाजी!’’ खुशीने बाटली घेतली आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये नीट बसवली.

दीपमाला दारात खिळली. क्षणभर तिच्या मनात आलं, आता गप्प राहू, रात्री बाटली हळूच काढून घेऊ. पण पोरगी फोन करील. आबाजी दुसरी पाठवतील. तिसरी पाठवतील. ही मेहेरबानी थांबणार कशी? बाबांचा मान एका पारड्यात आणि पोरीचे डोळे दुसऱ्यात, आणि मध्ये ती, एक डोळा घेऊन.

तिने बॅगेतून बाटली काढली.

‘‘आई, काय झालं?’’

‘‘बाबा,’’ दीपमाला म्हणाली, ‘‘मी टाकीचं पानी नव्हतं वापरलं. लेन्स उन्हाळाभर तुमच्या पान्यात ठेवली. त्याच्यानंच झालं.’’

मारोतराव हसले. मग हसणं चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. ‘‘काहीतरीच बोलते. त्याच्यात काही नसते.’’

‘‘क्षार नसते, बाबा. जंतू असते. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं.’’

खुशी एकदा आईकडे, एकदा आबाजींकडे पाहत होती. मारोतरावांनी बाटली लेकीच्या हातातून घेतली, उजेडात धरली. आरपार स्वच्छ, पलीकडची खिडकी दिसत होती.

‘‘रेझिनचा कॉलम बंद राहिला की पहिल्या पान्याले वास येत होता,’’ ते हळूच म्हणाले, कुणाला उद्देशून नाही. ‘‘आमी ते गटारात सोडून देत होतो. बॉयलरमंदी काय, सगळं जळूनच जाते. डोयाचं मनात आलंच नाही कधी.’’

आणि ते मागच्या गॅलरीत निघून गेले.

थेंबाची वेळ झाली. चपलांचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने खुशी औषधाची बाटली घेऊन आली. ‘‘आबाजी म्हणाले, आता थेंब मीच टाकायचे.’’

‘‘ठेव ती,’’ दीपमाला म्हणाली, पण मग स्वतःच बाटली घेऊन गॅलरीत गेली.

मारोतराव स्टुलावर बसले होते. वरचा नळ बंद केलेला, पाइपांतलं पाणी मोरीत सोडून दिलेलं. मधाच्या रंगाचे मणी तळाशी खचून बसले होते. बाबा इतके लहान कधी दिसले नव्हते.

‘‘बाबा, ड्युटी सोडून कुठं आले?’’

‘‘माह्या हातानं नको आता, दीपा.’’

‘‘तुमच्याच हातानं पायजे. खुशीचा हात हलते.’’

त्यांनी बाटलीला हात लावला नाही. मग एकदम म्हणाले, ‘‘इतके दिवस काहून नाही सांगितलं मले?’’

‘‘तुमाले वाईट वाटलं असतं.’’

‘‘अन् तुया डोया गेला असता, तं बरं वाटलं असतं का वं मले?’’

इतके दिवस तिला वाटत होतं की ती बाबांना सांभाळते आहे. पण या माणसाचा जीव पाण्यात नव्हताच कधी. तिने चष्मा काढला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

मारोतराव उठले. बेसिनवर जाऊन टाकीच्याच पाण्याने, साबण लावून, त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले आणि कोरड्या पंच्याला पुसले. मग परत येऊन स्टुलावर बसले, बाटली घेतली आणि तिची हनुवटी वर केली.

‘‘वर पाह्य.’’

थेंब बरोबर डोळ्यात पडला आणि लगेच गालावरून खाली आला. त्यांनी दुसरा टाकला, तोही वाहून गेला.

‘‘रडू नको न वं,’’ मारोतराव म्हणाले. ‘‘औषध डोयात राहून नाही राहिलं.’’

तिला थांबता येईना. मग ते बाटली हातात धरून तसेच बसून राहिले, तिचं रडणं संपेपर्यंत.